घडी, तार आणि खारं पाणी

कापडी पॅड शिवायला शिकवणं हे या कामातलं सोपं काम. वऱ्हाडात बचतगटात मशीन चालवणारी एखादी तरी बाई असतेच, आणि ती एका दुपारी बाकीच्यांना तयार करते. खरी परीक्षा शिवून झाल्यावर सुरू होते. अमरावती-अकोल्याच्या गावांत शिकवताना कळलेल्या या गोष्टी.

१. कापडाला आधी काडी लावा. जुनं लुगडं फाडून घडी घ्यायची, ही आज्यांची रीत. लुगडं सुती होतं म्हणून ती चालली. आता पेटीतून निघते ती बहुधा पॉलिएस्टरची साडी, जी पाणी पीतच नाही. एक दोरा ओढून जाळायचा. सुती असेल तर कागदासारखी राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची गोळी होते. मुलींना हा प्रयोग फार आवडतो. नवं फ्लॅनेल आटतं, त्याला कांजीही असते, म्हणून दोनदा धुऊन मगच कात्री लावावी. कापसाच्या या मुलखात चांगलं सुती कापड शोधत हिंडावं लागतं, ते वेगळंच.

२. पंख आणि टिचबटणाचा नमुना शाळेतल्या मुलींसाठी ठीक. शेतात जाणाऱ्या कितीतरी बाया परकराखाली निकर घालत नाहीत. बटण लावणार कशाला? त्यांच्यासाठी दोन्ही टोकांना नाडी ओवायची पट्टी आणि कमरेला नाडा. “माय वं, हे तं लंगोटच हाय!” असं कोणीतरी म्हणतंच, आणि मग सगळ्या मोकळ्या होतात.

३. गळू नये म्हणून पॅडच्या तळाला लावतात त्या रेनकोटच्या कापडाला मधून शिलाई मारू नका. सुई गेली तिथून गळतं.

४. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. चिकट मळी मात्र थरांत बसते, पॅड वाळलं की पापडासारखं कडक होतं आणि मांड्या सोलवटतात. म्हणून आधी गार पाण्यात भिजवायचं (गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो), वडीऐवजी पावडर, सोबत चिमूटभर धुण्याचा सोडा, आणि शेवटचं एक पाणी गोडं. यावर सासू विचारते, “पियाचं पानी याले कायले?” जिथे नळाची वाट बघावी लागते, तिथे तिचा प्रश्न रास्तच आहे. त्यामुळे या पट्ट्यात मी थर एकत्र शिवूनच टाकत नाही. खाली पट्टी, तिच्यात अडकवायची सुती रुमालाची घडी. उघडा रुमाल तांब्याभर पाण्यात खळबळून निघतो.

५. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला जातो, आणि तरी पॅड ओलंच राहतं. कारण ते साडीखाली, कोठीमागे, कवेलूत खोचलेलं असतं. “वायू घालाव कुठं? सासरा हाय, भासरा हाय.” दमट कापडाला बुरशी धरते, मग खाज सुटते. उघड्यावर वाळवा, लाजू नका, असं भाषण मला करता येतं. पण त्यांच्या घरात राहायचं त्यांना असतं. खारपाणपट्ट्यासाठी सांगितलेल्या रुमालाच्या घडीचा इथेही उपयोग होतो. गडद, छापील कापड घेतलं की तारेवर तो निव्वळ रुमाल दिसतो, आणि त्याला थेट ऊन मिळतं. लपवणं आहेच हे, पण उन्हातलं आहे.

६. विकतच्या पॅडला नावं ठेवू नका. ८ मार्च २०१८ ला राज्याची अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड होते. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही उठला. परीक्षेच्या दिवशी, प्रवासात, मेळघाटात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असताना विकतचंच बरं. अडचण फेकताना येते. घंटागाडी नसलेल्या गावात ते उकिरड्यावर जातं आणि कुत्री ओढून रस्त्यावर आणतात.

७. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी जाते ती सांजेलाच परतते. ओटीत कापूस, आजूबाजूला आडोसा नाही. चार-सहा तासांनी बदला म्हणताना, बदललेलं ठेवायचं कुठे हेही सांगावं लागतं. रेनकोटच्या उरलेल्या तुकड्यांची नाडीची पिशवी त्यासाठीच. आता मी पॅडच्या आधी तीच शिवायला लावते. शिलाई सरळ, कडा चार. मशीनवर पहिल्यांदा बसलेल्या मुलीलाही जमते.