परप्रांतातील शिवजयंती

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर व आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेचे. पाऊस थोडा, माळरान फार; केवळ शेतीवर निर्वाह होणे कठीण. म्हणून येथील अनेक कुटुंबांनी गलाईचा व्यवसाय पत्करला. जुने दागिने आटवून सोने-चांदी शुद्ध करणे, हे गलाईचे काम. जेथे सराफांची पेठ, तेथे गलाईवाल्याची भट्टी! अशा रीतीने ही कुटुंबे दिल्लीपासून केरळपर्यंत पसरली.

तेथे वाढणारी मुले शाळेत हिंदी, तमिळ किंवा मल्याळम शिकतात. मूळ गाव त्यांना बहुधा सुटीतच दिसते. परंतु शिवजयंतीस सारे मराठी बांधव एकत्र जमतात. छत्रपतींची प्रतिमा सजते, पाळणा म्हटला जातो, पोवाडे घुमतात. एरवी घरापुरती उरलेली मराठी त्या दिवशी चारचौघांत मानाने मिरवते.

मात्र शेजाऱ्यांस वगळून केलेला उत्सव अपुराच होय. मराठी कुळातील सखाराम गणेश देऊस्कर हे बंगाली भाषेत लेखन करीत. त्यांनी 1902 साली कोलकात्यात शिवाजी-उत्सवास चालना दिली. बंगाली लोकांनी तो आपला मानला आणि 1904 साली रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता रचली. पाहुण्यांचा सण यजमानांचाही झाला! परमुलखात आपला सण जपण्याची खरी रीत हीच.

स्वाध्याय
1. गलाईवाल्यांना गाव का सोडावे लागले?
2. तुमच्या गावी परप्रांतीयांचा कोणता सण साजरा होतो? त्यात तुम्ही कसे सहभागी व्हाल?