पंचवीस बारगिरांचा हवालदार

नाशिक

चि. भाचीबाईस,


अंबडच्या कारखान्यात तुझ्याकडे अख्खं मशीन शॉप आलं, हे ऐकून आनंद झाला. थेट हाताखाली १४ जण, जीव मेटाकुटीला येतो, म्हणून मध्ये तीन ग्रुप लीडर मागणार आहेस, असं तुझी आई सांगत होती. मागण्याआधी एवढं वाच.

एकाने किती जण सांभाळायचे, यावर कंपनीची उतरंड ठरते. ६४ कामगार धर. एकाकडे आठ दिले तर आठ सुपरवायझर आणि वर एक मॅनेजर. नऊ साहेबांत भागतं. चारच दिले तर १६, ४ आणि १ मिळून २१ साहेब, वर एक पायरी जास्त. पगाराचं सोड, रात्रपाळीत मशीन अडलं की निरोप त्या वाढीव पायरीवर हमखास बसून राहतो. सातपूरला उमेदीची वर्षं काढलेला कुणीही हे सांगेल.

मग आकडा किती? १९३३ साली ग्रायकुनास नावाच्या सल्लागाराने गणित मांडलं: हाताखाली पाच असले तर त्यांच्या आपापसांतल्या संबंधांसकट १०० संबंध सांभाळायचे, सहावा आला की २२२. कागदावर बिनतोड. पण शेजारच्या दोन लेथवर एकच पार्ट काढणाऱ्यांचा एकमेकांशी संबंध तो किती? चहापुरता!

मला सभासदाची बखर जास्त पटते. शिवाजी महाराजांच्या पागेत २५ बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर, एक हवालदार. पण पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी. खालचं काम एकसारखं म्हणून तिथे माणसं जास्त, वर निर्णय वेगवेगळे म्हणून कमी, असं मी समजतो. खरी गोम पुढेच आहे: त्या पंचविसांमागे एक नालबंद आणि पाणी वाहणारा एक पखालजी. नाल निखळला म्हणून हवालदाराला धावावं लागत नसे.

आता तुझी सकाळ बघ. सातच्या पाळीला फर्स्ट पीस घेऊन ऑपरेटर तुझ्या टेबलाशी रांगेत, आणि तू मायक्रोमीटर लावून सही करेपर्यंत त्यांची मशीनं बंद. इन्सर्ट बदलायचा तरी चिठ्ठीवर तुझीच सही. तुझा जीव या सह्यांत जातोय. लीडर आले की सह्या त्यांच्याकडे जातील आणि त्यांची भांडणं तुझ्याकडे येतील.

हां, नवा पार्ट सुरू झाला किंवा ट्रेनी पोरं भरली, तर १४ झेपणार नाहीत, सहा-सातच बरे. पण तुझी माणसं मुरलेली आहेत.

तेव्हा साहेबांना भेटशील त्या दिवशी लीडर मागू नकोस. एक सेटर आणि एक इन्स्पेक्टर माग. फर्स्ट पीसची सही इन्स्पेक्टरकडे, इन्सर्टची सेटरकडे, असं लेखी करून घे. लेखीच घे, तोंडी नको.

तुझा,
मामा