नॉर्वेजियन दिशांची नावे : तोंड उगवतीला, पाठ समुद्राला

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक करा. सकाळी अंगणात किंवा गच्चीवर उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व, मागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. हे आपण घोकतो. पण संस्कृतात 'पूर्व' म्हणजे पुढचा, 'पश्चिम' म्हणजे मागचा आणि 'दक्षिण' म्हणजे उजवा, हे वर्गात सांगायचं राहूनच जातं.

आता नॉर्वेत जाऊ. तिथल्या चार दिशा : नूर, सोर, ओस्त, वेस्त. ('नूर' लिहिताना शेवटी 'द' असतो, बोलताना गळतो.) 'ओस्त' म्हणजे पूर्व. हा शब्द पहाटेच्या ज्या प्राचीन शब्दापासून आला, त्यातूनच आपली 'उषा' आली! 'वेस्त'चं नातं संध्याकाळ या अर्थाच्या लॅटिन 'वेस्पेर'शी लावतात. थोडक्यात, आपली उगवती-मावळतीच. 'सोर' म्हणजे दक्षिण. हा शब्द बहुधा सूर्यावरून आला. नॉर्वेत भर दुपारी सूर्य दक्षिणेलाच असतो ना! आणि 'नूर'? त्याचं मूळ बरेच अभ्यासक 'डावा' किंवा 'खालचा' या अर्थाच्या शब्दात शोधतात. उगवतीकडे तोंड केलं की उत्तर डाव्याच हाताला येते. म्हणजे तोही माणूस तुमच्यासारखाच उभा होता.

खरी मजा उपदिशांत आहे. नॉर्वेचा पश्चिम किनारा आपल्या कोकणासारखा : पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर. जुने नॉर्स लोक ईशान्येला 'लांद-नोर्द्र' म्हणत, म्हणजे 'जमिनीकडची उत्तर'. वायव्य म्हणजे 'ऊत-नोर्द्र', 'बाहेरची उत्तर'. बाहेर म्हणजे समुद्राकडे. आग्नेय 'लांद-सुद्र', नैर्ऋत्य 'ऊत-सुद्र'. होडी घेऊन निघणाऱ्याला वारा जमिनीवरून सुटलाय की समुद्रावरून, हे आधी कळायला हवं. चुकलं तर जिवावर बेतायचं. त्यांना नकाशा नको होता, नाव ऐकलं की पुरे.

नवव्या शतकाच्या अखेरीस हे लोक आइसलँडला जाऊन वसले आणि हे शब्द सोबत घेऊन गेले. आता आइसलँडचा नकाशा उघडा आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवा. तिथून ईशान्येला जमीन कुठे आहे? नुसता समुद्र! तरी आइसलँडच्या भाषेत ईशान्येचं जुनं नाव 'जमिनीकडची उत्तर' हेच राहिलं. माणसं घर सोडून शेकडो मैल दूर गेली, पण त्यांच्या दिशा अजून नॉर्वेच्या किनाऱ्यावरूनच मोजल्या जात होत्या.