आत्मविश्वास मोजता येतो का?

ताप मोजायला तापमापक असतो. दम्याच्या रोग्याची फुंक किती जोराची आहे, हे मोजायलाही एक साधी नळी मिळते. पण 'माझा दमा मला सांभाळता येईल' हा मुलाच्या मनातील विश्वास कशाने मोजायचा?

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात व चिकट स्राव साचतो. म्हणून धाप लागते, छातीतून शिटीसारखा आवाज येतो. 'गेल्या 12 महिन्यांत असा आवाज आला का?' असे 13-14 वर्षांच्या मुलांना विचारून 'आयझॅक' या आंतरराष्ट्रीय पाहणीने दम्याची लक्षणे मोजली. तिचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. 56 देशांतील केंद्रांत आपले बोरिवलीही होते. लक्षणे किती मुलांत आहेत, हे त्यातून कळले. पण दमा वर्षानुवर्षे सोबत असतो, आणि शाळेत आई जवळ नसते. तेथे मूल स्वतःला सांभाळू शकेल का, हा प्रश्न निराळा आहे.

त्याची वाट मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 साली दाखवली. विश्वास कामागणिक बदलतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून मोघम प्रश्न न विचारता नेमकी कामे मांडावीत व प्रत्येकाला गुण द्यायला सांगावेत. समजा, बोरिवलीच्या एका मुलीने 10 पैकी असे गुण दिले :

घरी इनहेलर घेणे – 9
बरे वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितलेले रोजचे औषध न चुकवणे – 6
खेळताना छाती आवळू लागताच थांबून बाईंना सांगणे – 5
वर्गात सर्वांसमोर इनहेलर घेणे – 2

सरासरी येते साडेपाच. पण खरी माहिती त्या 2 मध्ये आहे! औषध दप्तरात आहे, ते घेताही येते. आड येते ती लाज. तिच्यावरचा उपाय वर्गातील मित्रमैत्रिणींच्या हाती आहे.

ही पट्टी खरी कशावरून? परिस्थिती तीच असेल, तर दोन आठवड्यांनीही गुण साधारण तेवढेच यावेत, ही विश्वसनीयता. जास्त गुण देणारी मुले ते काम प्रत्यक्षातही अधिक करीत असावीत, ही सप्रमाणता. मात्र विश्वास म्हणजे कौशल्य नव्हे. स्वतःला 9 गुण देणारा मुलगाही औषध ओढल्यावर सुमारे 10 सेकंद श्वास रोखायला विसरू शकतो. म्हणून गुणांबरोबर कृतीही पाहावी लागते.

करून पाहा : 'फळ्यावर गणित सोडवणे' या कामाचे सोपे ते अवघड असे पाच टप्पे लिहा. वर्गातील प्रत्येकाने स्वतःला गुण द्यावेत व दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावेत. दोन्ही वेळचे गुण किती जुळतात?