घाई न सोसणारं भांडं

मने, सगळ्यात आधी ते भांडं साबणाच्या पाण्यातून बाहेर काढ. बाकीचं मग वाच.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. ‘ताई, भांडं आठ महिन्यांत पार काळपट झालं गं, साबणाच्या पाण्यात भिजत टाकलंय. शनिवारी सासूबाई येणार, त्यांना वाटेल हिला भांडी नीट घासतासुद्धा येत नाहीत.’ मी काही बोलणार तोवर तू फोन ठेवलास, म्हणून आज निवांत लिहायला बसले. बाळा, त्या भांड्याला काहीही झालेलं नाही. तुला जे डाग वाटतायत ती त्याची आठ महिन्यांची कमाई आहे.

आपल्याला लहानपणापासून एकच शिकवण मिळाली, भांडं लख्ख दिसलं पाहिजे. पितळेला चिंच, तांब्याला लिंबू-मीठ. पण त्याच घरात आजीचा आंबोळ्यांचा बिडाचा तवा होता, आठवतो? त्याला साबण लावायची कुणाची छाती नव्हती. अर्धा कांदा तेलात बुडवायचा, तव्यावरून फिरवायचा, की झालं. तवा जितका काळा, तितकी आंबोळी अलगद सुटायची. तुझं ते बिनझिलईचं स्टोनवेअर त्या तव्याच्या गोतातलं आहे. बेताचं तेल तापत्या पृष्ठभागावर हळूहळू घट्ट होतं, त्याचा पातळ थर बसत जातो आणि पदार्थ चिकटेनासा होतो. नवं होतं तेव्हा तुझी नानखटाई बुडाला धरायची, आता धरत नाही ना? त्यामागे हेच आहे.

नाव स्टोनवेअर असलं तरी हा दगड नाही हं. ही मातीच, पण साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजलेली. एवढ्या आचेला माती आतून काचेसारखी जुळून येते, म्हणून ती साध्या मडक्याहून कितीतरी टणक आणि घट्ट असते. आईची लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी याच जातीची. ओव्हनमध्ये हिचा फायदा असा, की ती उशिरा तापते, पण तापली की उष्णता धरून ठेवते आणि सगळीकडून सारखी देते. पावाचं बूड छान खरपूस होतं ते त्यामुळे.

आता धुण्याचं. तुझ्याकडे दोन भांडी आहेत आणि दोघांची तऱ्हा वेगळी. निळ्या चकचकीत खोलगट भांड्यावर झिलई आहे, काचेचा थरच तो. त्याला साबण खुशाल लाव, मऊ स्पंजने धू. करपलं असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, खायच्या सोड्याची दाटसर पेस्ट लावून ठेव आणि मग चोळ. तारेची घासणी मात्र नको, झिलईवर चरे पडतात. चमचा घासून राखाडी रेघा उठल्या तर घाबरू नकोस. त्या बहुतेक वेळा चमच्याच्या धातूच्या असतात, सोड्याने किंवा सौम्य पावडरने निघतात. पण झिलईत केसासारख्या भेगांचं जाळं दिसलं, तर त्यात अन्न-पाणी मुरायला लागतं. असं भांडं स्वयंपाकातून काढ आणि त्यात कोथिंबीर लाव.

तुझं सपाट, खरखरीत भांडं बिनझिलईचं. शंका आली तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. झिलईवर तो तसाच उभा राहतो, इथे ओला डाग उमटतो आणि घट्ट मातीतही थोडं पाणी हळूहळू आत मुरतं. पाणी आत जातं तसा साबणही जातो, आणि पुढच्या पावाला त्याची चव येते. म्हणून याला साबण नाही आणि रात्रभर भिजवणंही नाही. भांडं पूर्ण गार होऊ दे. मग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या उलथन्याने चिकटलेलं खरवडून काढ, गरम पाण्याखाली धर, काथ्याने घास. हट्टी जागेवर सोडा लाव. नंतर पुसून, उभं टेकवून वाळव. वरून कोरडं दिसलं म्हणून आत ठेवून देऊ नकोस, दिवसभर हवेवर राहू दे.

सुरुवातीला चार-पाच वेळा लोणी-तूप जास्त असलेलं काही भाज किंवा बोटाने तेलाचा अगदी पुसट हात फिरव. जास्त तेल लावलंस तर ते सुकत नाही, चिकट होऊन बसतं. पावसाळ्यात अशा तेलकट भांड्याला खवट वास येतो. तसा आला तर सोड्याने घासून, पूर्ण वाळवून, ओव्हनमध्ये नुसतंच हळूहळू तापवून घे. पिशवीत किंवा झाकणाखाली कोंडून ठेवायचं नाही.

आता मनात पक्कं ठेवावं असं एक सांगते. हे भांडं घासण्याने क्वचित खराब होतं, तापमानाच्या एकदम बदलाने फुटतं. मी माझं पहिलं भांडं असंच गमावलं. ओव्हनमधून काढलं आणि हात भाजायला लागला म्हणून ओट्यावर ठेवलं. ग्रॅनाइट गार आणि नुकतंच पुसलेलं, ओलं. टक्क आवाज आला आणि मधोमध दोन तुकडे झाले. आतला पदार्थ गेला त्याचं काही नाही, पण ते मी पहिल्या पगारातून घेतलं होतं. पुष्कळ दिवस मन लागलं नाही. मातीतून उष्णता सावकाश पसरते, त्यामुळे एक बाजू आकसायला लागते तेव्हा दुसरी अजून फुललेलीच असते. धातू वाकून सोसतो. माती वाकत नाही, तडकते.

म्हणून फ्रिजमधलं भांडं तसंच तापल्या ओव्हनमध्ये घालू नकोस. गरम भांड्यावर गार पाणी ओतू नकोस. गॅसच्या ज्योतीवर कधीच ठेवू नकोस. कधी पिझ्झाचा दगड घेतलास तर तोही थंड ओव्हनमध्ये ठेवूनच ओव्हन सुरू कर आणि दोघांना बरोबर तापू दे, अर्धा-पाऊण तास. ओटीजी लहान असेल तर दगडाच्या चारी बाजूंना दोन बोटं जागा सोड, नाहीतर हवा फिरत नाही. बाहेर काढलंस की लाकडी पाटावर किंवा कोरड्या दुमडलेल्या फडक्यावर ठेव. आणि प्रदर्शनातून हाताने घडवलेलं स्टोनवेअर घेशील तेव्हा घडवणाऱ्याला स्पष्ट विचार, हे ओव्हनला चालतं का? स्टोनवेअर आहे म्हणजे ओव्हनला चालेलच असं नाही.

आता काल भिजवलेल्याचं. घाबरू नकोस, सुधारतं. साध्या गरम पाण्याने, सोडा लावून दोन-तीनदा घास, फेस यायचा थांबेपर्यंत. मग दोन-तीन दिवस वाळू दे. आत पाणी राहिलं आणि एकदम तापलं, तर वाफ बाहेर पडायला बघते आणि भांडं तडकू शकतं. वाळलं की थंड ओव्हनमध्ये ठेव, आधी १०० अंशांवर तासभर, मग हळूहळू २०० पर्यंत. ओव्हन बंद करून आतच गार होऊ दे. नंतर कणकेची एक जाडसर पोळी त्यावर भाज आणि ती टाकून दे, राहिलेला साबण ती बराचसा ओढून घेईल. दुसरी भाज, थोडी चाखून बघ. साबणाची चव लागली नाही, की भांडं तुझं.

शनिवारपर्यंत ते वाळणार नाही, हे मला ठाऊक आहे. होऊ दे. सासूबाईंसाठी निळ्या भांड्यात काहीतरी कर आणि हे काळपट भांडं खिडकीशी वाळत असलेलं त्यांना दिसू दे. विचारलं तर सांग, मुरतंय.

आईची ती बरणी आठव. धुऊन उन्हात दोन दिवस, मग हिंगाची धुरी, मग लोणचं. आणि फोडणी? ती गार झाल्याशिवाय आई बरणीपाशी आणायचीसुद्धा नाही. आपल्याला वाटायचं, लोणचं बिघडू नये म्हणून. तेही खरंच. पण त्या थांबण्याने बरणीही जपली जात होती. चाळीस वर्षं झाली, एक तडा नाही तिला.

भांडं वाळलं की फोन कर. नानखटाई मी येऊन खाईन.

तुझी,
ताई