भट्टीचे गणित आणि कामगाराची नजर

घुग्घुसच्या परिसरात सिमेंटची भट्टी आम्हा सर्वांच्या परिचयाची. तीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला क्लिंकर तयार होतो. तिचे नियंत्रण कोणत्या पद्धतीने करावे, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे.

टाकीतील पाण्याची पातळी राखण्यास पारंपरिक पीआयडी नियंत्रक पुरेसा असतो. हवे ते मूल्य व मोजलेले मूल्य यांतील फरक पाहून तो झडप उघडतो वा मिटतो. भट्टीत मात्र कोळसा, हवा, कच्चा माल परस्परांत गुंतलेले. परिणामही उशिरा दिसतो. तेथे जाणता कामगार ज्वाळा न्याहाळून ‘कोळसा थोडा वाढवा’ म्हणतो. हे ‘थोडे’ लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये गणितात आणले. त्या ‘फझी’ तर्काने पुढे लंडनमध्ये ममदानींनी वाफेचे छोटे इंजिन चालविले, तर डेन्मार्कच्या अभियंत्यांनी सिमेंटची भट्टी.

तेव्हा प्रक्रिया साधी, तेथे पीआयडी घ्यावा. गणित अडते पण माणसाचा अनुभव चालतो, तेथे फझी. मोजमापच चुकीचे असेल, तर दोन्ही व्यर्थ.

कामगाराची नजर हेही ज्ञानच, हे या इतिहासाने सिद्ध केले. त्याच कामगारांची मुले आमच्या वर्गात बसतात. उद्याचे नियम त्यांनी लिहावेत.