प्रवासखर्च कोणत्या खाती मांडावा?

शेतीस जोडून एखादा लहानसा धंदा करणारे खातेदार शिंदखेडे तालुक्यात आता पुष्कळ आहेत. कोणी मिरचीचे कांडपयंत्र चालवितो, कोणी बी-खतांचे दुकान. किर्द रोजच्या रोज लिहिण्याची सवय पुष्कळांस लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ‘प्रवासखर्च’ या एका शब्दाखाली तीत जे काही दडपले जाते, त्याने धंद्याचे खरे रूपच झाकले जाते.

गेल्या वर्षी दोघे सख्खे भाऊ आपली वही घेऊन आमच्याकडे आले. थोरला शेती पाहतो, धाकटा कांडपयंत्र. वहीप्रमाणे धंद्यात १४,००० रुपये तोटा. यंत्र विकावे की वेगळे व्हावे, इथवर गोष्ट आली होती. प्रवासखर्च ३१,४०० रुपये लिहिलेला. दोन रात्री बसून प्रत्येक रकमेपुढे आम्ही एकच प्रश्न केला : हे जाणे कशाकरिता झाले? पंपाच्या दुरुस्तीकरिता धुळ्यास आणि बियाण्याकरिता दोंडाईच्यास झालेल्या फेऱ्या ९,२०० रुपयांच्या निघाल्या. त्या शेतीखाती गेल्या. लग्ने, दवाखाना व यात्रा मिळून ८,६०० रुपये घरखर्चाचे. यंत्र आणण्याचे टेम्पोभाडे ६,१०० होते. ते यंत्राच्या किमतीत मिळविले, कारण यंत्र जागेवर येऊन बसेपर्यंतचा खर्च त्याच्या किमतीचाच भाग असतो. धंद्याचा खरा प्रवास उरला ७,५०० रुपयांचा. वाढलेल्या किमतीवरील घसारा धरूनही तोट्याच्या जागी सुमारे ९,००० रुपये नफा दिसला. थोरल्याने वही मिटली व बराच वेळ तो काही बोलला नाही.

बाजारातून मिरचीची पोती आणण्याचे भाडे व हमाली हा प्रवासखर्च नव्हे. तो मालाच्या खरेदीत धरावा. तयार तिखट गिऱ्हाइकाकडे पोचविण्याचे भाडे मात्र विक्रीखर्चात जाईल.

खरी अडचण मिश्र प्रवासाची. समजा, आपण तिखटाच्या विक्रीकरिता रेल्वेने सुरतेस गेलात आणि काम आटोपल्यावर भाच्याच्या लग्नास दोन दिवस राहिलात. येथे जाण्यायेण्याचे भाडे धंद्याचे, दोन दिवसांचा खर्च घरचा. पण लग्नास म्हणूनच गेलात व सहज एका व्यापाऱ्यास भेटलात, तर भाडे घरचेच. धंद्याकडे फक्त त्या भेटीचे रिक्षाभाडे लिहावे. मूळ कारण कोणते, हे आपले आपणांस ठाऊक असते.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. त्यामुळे शेतीच्या फेऱ्या धंद्यावर टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७ अन्वये सर्वस्वी धंद्याकरिता झालेलाच खर्च वजा मिळे, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही तेच तत्त्व आहे.

आमची नोकरी मुलकी खात्यात गेली. दौऱ्याच्या भत्त्याचे बिल लिहिताना निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, अंतर व कारण हे रकाने भरल्यावाचून ते पास होत नसे. त्या वेळी आम्ही त्या रकान्यांवर मनातल्या मनात फार चिडलो आहोत! आज तेच रकाने वहीत आखावे, असे सांगतो. मोटारसायकलीच्या पेट्रोलास तर दुसरा उपाय नाही : निघताना व परतल्यावर किलोमीटरचा आकडा पाहावा, पुढे कारण लिहावे, आणि महिनाअखेर पेट्रोलाची रक्कम किलोमीटरांच्या प्रमाणात शेती, धंदा व घर यांत वाटावी. हे त्याच संध्याकाळी लिहावे. आठवड्याने कारण आठवत नाही, आणि मग सारेच धंद्याच्या नावे पडते.